गाण्यातली ‘तू’ कोण? भावगीतांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात मराठी प्रेमभावगीतांवर एक लेख प्रसिद्ध झाला होता. ‘शुक्रतारा मंद वारा’सारखी गाणी साठ वर्षांनंतरही घराघरांत ऐकली जातात, आणि याचे श्रेय केवळ चालीला किंवा केवळ आवाजाला देता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. त्यावर पुष्कळ पत्रे आली. काहींत शंका होत्या, काहींत स्पष्ट मतभेद होता, तर काही पत्रे इतकी खासगी होती की ती छापणे योग्य वाटले नाही. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. अनेकांनी नाव न छापण्याची विनंती केली असल्यामुळे सर्वांचीच नावे वगळली आहेत.

माझे वय ६२ वर्षे आहे. जुनी भावगीते लागली की हातातले काम तसेच ठेवून मी ऐकत बसते. माझा मुलगा म्हणतो, “आई, तुला ते गाणे आवडत नाही, तुला तुझे कॉलेजचे दिवस आवडतात.” त्याचे म्हणणे खरे मानावे काय? (एक वाचिका, नाशिक)

आपल्या मुलाच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. माणूस उतारवयात मागे वळून पाहतो तेव्हा त्याला सर्वांत ठसठशीत आठवणी साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांच्या दरम्यानच्या येतात, असे मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळले आहे, आणि त्या वयात ऐकलेल्या संगीतालाही हे लागू पडते. घर सोडणे, पहिली नोकरी, कुणावर तरी जीव जडणे, लग्न हे सारे त्याच काळात घडते, आणि त्या वेळी कानांवर पडलेले सूर त्या घटनांना चिकटून राहतात.

परंतु एवढ्याने उलगडा होत नाही. आपण महाविद्यालयात होता तेव्हा ‘शुक्रतारा’ पंधरा-वीस वर्षांचे जुने झालेले होते. ते आपल्या पिढीचे नवे गाणे नव्हतेच. ते आपल्याला आधीच्या पिढीकडून मिळाले होते. शिवाय आपल्या तरुणपणी आकाशवाणीवरून आणि ध्वनिमुद्रिकांवरून शेकडो गाणी कानांवर पडली असतील. ती सगळी आपण हातातले काम ठेवून ऐकत नाही. काळ तोच असूनही काही गाणी गळून गेली आणि काही उरली, त्याचे कारण गाण्यातच शोधले पाहिजे.

माझ्या मते त्याचे एक कारण असे की यांतील अनेक गाणी मुळात आठवण म्हणूनच लिहिलेली आहेत. वा. रा. कांत यांच्या ‘बगळ्यांची माळ फुले’ या कवितेत प्रियकर प्रेयसीला भेटत नाही. झालेली भेट तिला अजून स्मरते का, एवढेच तो विचारतो. श्रीनिवास खळे यांनी तिला चाल दिली आणि वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या बुलंद गायकाने ती विलक्षण संयमाने गायिली. मंगेश पाडगावकर आणि यशवंत देव यांच्या ‘भेट तुझी माझी स्मरते’ या गाण्यातही वादळाची आणि पावसाची ती रात्र केव्हाच मागे पडलेली आहे. विशीतला मुलगा हे गाणे ऐकतो तेव्हा त्याला ती स्मृती कल्पनेने उभी करावी लागते, कारण त्याच्याजवळ अजून आठवण्यासारखे फारसे काही नसते. साठीतल्या श्रोत्याला कल्पनेची गरज उरत नाही. गाणे आधीच पुढे जाऊन थांबलेले होते आणि श्रोता चाळीस वर्षांनी तेथे पोहोचला. एरवी वयानुसार आवडी फिक्या होत जातात, ही गाणी मात्र गडद होत जातात, ती यामुळे. तेव्हा आपल्याला कॉलेजचे दिवस आवडतात हे खरेच आहे. मात्र ते दिवस आठवायचे कसे, हे आपल्याला या गाण्यांनी आधीच शिकवून ठेवले होते, एवढे मुलाला अवश्य सांगावे.

मी काही वर्षे शास्त्रीय गायन शिकत आहे. अरुण दाते यांच्या आवाजाचा पल्ला मला फार मोठा वाटत नाही, ताना-मुरक्याही जवळजवळ नसतात. तरीही त्यांचे गाणे ऐकताना मन हलते आणि ते का हलते, हे मला सांगता येत नाही. (एक वाचक, सोलापूर)

आपण शास्त्रीय संगीताच्या कानाने ऐकता आणि तरीही मन हलल्याचे मोकळेपणाने लिहिता, हे मला महत्त्वाचे वाटते. ख्यालगायनात शब्द हे रागविस्ताराचे निमित्त असतात. एका अक्षरावर गायक कितीतरी वेळ राहू शकतो आणि त्यात काहीही बिघडत नाही. भावगीतात मात्र शब्दाचे वजन, त्याची लांबी आणि वाक्यातली त्याची जागा गायकाला सांभाळावी लागते. यशवंत देव यांनी याच विषयावर ‘शब्दप्रधान गायकी’ हे पुस्तक लिहिले आणि या गायनप्रकाराला स्वतःचे शास्त्र आहे, हे ठामपणे मांडले. त्या शास्त्राची फोड त्यांनी केली आणि त्याचा एक अतिशय शुद्ध नमुना अरुण दाते यांनी गळ्यातून दाखवला.

दाते यांचा जन्म १९३४ साली इंदूरला झाला. त्यांचे वडील रामूभैया दाते हे त्या शहरातले नामवंत रसिक होते, आणि मोठमोठ्या गायकांचा त्या घरी राबता असे. तरुण अरुणचा ओढा उर्दू गझलेकडे होता. मराठी गाणी गायला ते आधी सहज राजी नव्हते. पुढे मुंबईत कापड अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन त्यांनी त्या उद्योगात दीर्घकाळ नोकरी केली आणि गाणे तिच्याबरोबरीने चालू ठेवले. ही माहिती मी मुद्दाम देतो आहे, कारण तिच्यात त्यांच्या गायनाची किल्ली आहे. गझल गाणाऱ्याला शेर ‘सांगावा’ लागतो. समोरच्या माणसाला अर्थ कळला की नाही, हे पाहत पाहत तो पुढे सरकतो. दाते यांनी हीच सवय मराठीत आणली. ते श्रोतृवृंदासमोर गात आहेत असे वाटतच नाही. समोर एकच व्यक्ती बसली आहे आणि आवाज चढवण्याचे काही कारण नाही, अशा बेताने ते गातात. त्यांचा स्वर ओळीच्या शेवटी तुटत नाही, हलकेच विरतो. त्या विरण्यात ऐकणाऱ्याला उत्तर द्यायला जागा मिळते.

‘शुक्रतारा’ हे गाणे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आकाशवाणीच्या मुंबई केंद्रासाठी तयार झाले. शब्द पाडगावकरांचे, चाल खळे यांची आणि सोबत सुधा मल्होत्रा यांचा स्वर. या गाण्यात आणाभाका नाहीत, जन्मोजन्मीच्या गाठी नाहीत. ‘जवळ राहा’ एवढीच विनंती आहे, आणि तीही केवळ आजच्या रात्रीपुरती. तो तिला ‘अशी’ म्हणतो, ती त्याला ‘असा’ म्हणते. बाकी ओळ तीच राहते. इतकी साधी मागणी मोठ्या आवाजात केली असती तर ती खोटी वाटली असती. ज्याला आपण पल्ल्याची मर्यादा म्हणता, ती येथे गाण्याची गरज आहे.

आणखी एक प्रयोग करून पाहावा. सुधीर मोघे यांचे ‘सखी मंद झाल्या तारका’ हे गीत राम फाटक यांनी पुणे आकाशवाणीसाठी प्रथम पंडित भीमसेन जोशी यांच्याकडून गाऊन घेतले होते, आणि पुढे ते सुधीर फडके यांच्या स्वरात घरोघरी पोहोचले. दोन्ही गायने लागोपाठ ऐकावीत. पंडितजींच्या गायनात रात्रीचा विस्तार जाणवतो, आकाश मोठे होते. फडक्यांच्या गायनात तीच रात्र एका खोलीएवढी होते आणि जिची वाट पाहिली जात आहे तिची अनुपस्थिती अधिक बोचते. श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्यासाठी मी हे सुचवीत नाही. शब्द आणि चाल तीच असताना गायकाने कुणाकडे पाहून गायिले, यावर किती अवलंबून असते, हे आपल्या शिक्षणाला उपयोगी पडेल म्हणून सुचवतो.

चंद्र, चांदणे, तारका, फुले, वारा! प्रत्येक प्रेमगीतात हेच साहित्य असते. खरे सांगायचे तर मला त्याचा कंटाळा येतो. आपल्याला येत नाही काय? (एक वाचक, कोल्हापूर)

जेथे चंद्र नुसता सजावटीला आणलेला असतो तेथे मलाही येतो, आणि तशी गाणी पुष्कळ आहेत. पण आपल्याच कोल्हापूरच्या भूमीत जन्मलेल्या सुधीर फडके यांनी स्वरबद्ध करून गायिलेले ‘तोच चंद्रमा नभात’ पुन्हा एकदा शब्दांकडे लक्ष देऊन ऐका, अशी आग्रहाची विनंती आहे.

शान्ता शेळके यांच्या या गीतामागे संस्कृतातील एक प्रसिद्ध श्लोक आहे. तो शीलाभट्टारिका या कवयित्रीच्या नावे सांगितला जातो आणि मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात तो उद्धृत केला आहे. त्या श्लोकातली स्त्री म्हणते की ज्याने माझे कौमार्य हरले तोच आज माझा पती आहे, चैत्रातल्या रात्रीही त्याच आहेत, फुललेल्या मालतीचा गंध घेऊन येणारे वारेही तेच आहेत, आणि मीही तीच आहे. तरीसुद्धा रेवेच्या, म्हणजे नर्मदेच्या, तीरावरच्या त्या वेताच्या झाडाखाली जाण्यासाठी माझे मन उत्कंठित होते. आता शान्ताबाईंनी काय केले ते पाहा. त्यांनी चंद्र तोच ठेवला, चैत्राची रात्र तीच ठेवली, एकांत तोच ठेवला, मात्र बोलणारी स्त्री काढून तिच्या जागी पुरुष आणला. मूळ श्लोकात हुरहूर आहे, ओढ अजून जिवंत आहे. शान्ताबाईंच्या गीतात सर्व काही जागच्या जागी असून पहिली धुंदी मात्र हरवली आहे, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत ती सापडत नाही.

म्हणजे हा चंद्र सजावटीचा नाही. तो साक्षीदार आहे, आणि तो बदलत नाही हेच दुःखाचे कारण आहे. चंद्र वेगळा असता, रात्र वेगळी असती, तर जे हरवले त्याचा दोष परिस्थितीवर ढकलता आला असता. येथे ती सोय नाही. इतकी कठोर गोष्ट फडक्यांनी अतिशय शांत, गोड चालीत बांधली. ते प्रत्येक ‘तोच’ आणि ‘तीच’ यांवर किंचित थांबतात, जणू एकेक वस्तू हात लावून तपासत आहेत. अनेक दांपत्ये हे गाणे लग्नाच्या वाढदिवसाला आवर्जून लावतात. शब्दांचा अर्थ ठाऊक असणाऱ्याला त्याचे नवल वाटू शकते. मला वाटत नाही. पंचवीस-तीस वर्षांच्या सहवासानंतर पहिली धुंदी ओसरल्याचे दोघांनाही ठाऊक असते, ते उघडपणे म्हणण्याचे धैर्य मात्र सहसा होत नसते. दोघांनी शेजारी बसून ते तिसऱ्या कुणाच्या आवाजात ऐकणे ही एक प्रकारची जवळीकच आहे.

एक स्त्री कविता रचते, शेकडो वर्षांनी दुसरी स्त्री ती पुरुषाच्या तोंडी घालते आणि एक पुरुष ती अशी गातो की स्त्रियांनाही आपली वाटते. गाण्यातली ‘तू’ कोण, असे मागील लेखानंतर अनेकांनी विचारले आहे. त्याचे उत्तर मला याच गाण्यात सर्वांत स्पष्ट दिसते. ‘तू’ची जागा कवीने मोकळी सोडलेली असते. तिला नाव नाही, गाव नाही, साडीचा रंगही नाही. चंद्र आणि वारा हे सर्वांचे असल्यामुळे त्या जागी कुणीही आपले माणूस बसवू शकतो. आपल्याला कंटाळा आणणारे हे साहित्य नेमके याच कामी येते.

ही गाणी इतकी छोटी का असतात? कविता मोठी असली तरी गाण्यात दोन-तीन कडवीच घेतलेली दिसतात. (एक वाचक, अकोला)

याचे पहिले कारण अगदी व्यावहारिक आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. आपल्या विदर्भातल्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी १९३०च्या दशकाच्या प्रारंभी ध्वनिमुद्रित केली. मराठी भावगीताच्या ध्वनिमुद्रिकांची सुरुवात तेथून झाली असे सामान्यतः मानले जाते. त्याआधी नाट्यपदे होती, रविकिरण मंडळाच्या कवींचे काव्यगायनही होते, पण कविता, चाल आणि गळा या तिघांनी मिळून तीन मिनिटांत एक पूर्ण भावावस्था उभी करायची, ही शिस्त मुद्रिकेने लावली. पुढे गजाननराव वाटवे यांनी पुण्या-मुंबईच्या गणेशोत्सवांतून भावगीतांच्या स्वतंत्र मैफली रंगवल्या आणि कवी अनिल यांच्या ‘गगनि उगवला सायंतारा’सारख्या कविता सामान्य माणसाच्या ओठांवर नेऊन ठेवल्या.

दुसरे कारण आकाशवाणी. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाल्यानंतर आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना जवळजवळ बंदी झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ते धोरण संकुचित होते असेच माझे मत आहे, आणि १९५७मध्ये ‘विविध भारती’ सुरू करून ते सैल करावे लागले. परंतु याच काळात चित्रपटगीतांना पर्याय म्हणून आकाशवाणीने सुगम संगीताचे विभाग उभारले. त्यामुळे पाडगावकर, यशवंत देव, खळे अशी माणसे एकाच संस्थेत वावरू लागली. तेथे गाण्याला नायक-नायिकेचे चेहरे नव्हते, कथानकातला प्रसंग नव्हता, पडद्यावरची बागही नव्हती. उत्तम कविता मिळावी, तिला साजेशी चाल लागावी आणि ठरलेल्या वेळेत ती प्रसारित व्हावी, एवढेच काम होते. चित्रपटातले गाणे ऐकताना त्यातल्या नटाचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. या गाण्यांत तो येत नाही, म्हणून आपल्या मनातला चेहरा येऊ शकतो.

सगळी चर्चा पुरुष गायकांचीच होते. स्त्रीच्या बाजूचे प्रेम या गाण्यांत कोठे आहे? (एक वाचिका, ठाणे)

तक्रार रास्त आहे. गाणी मात्र आहेत, आणि फार वरच्या दर्जाची आहेत. माणिक वर्मा यांचे ‘सावळाच रंग तुझा’ हे गदिमांचे आणि फडक्यांचे गीत घ्या. त्यात स्त्री पुरुषाच्या रूपाकडे टक लावून पाहते आणि ते बोलूनही दाखवते. सुमन कल्याणपूर यांचे ‘रिमझिम झरती श्रावणधारा’ हे मधुकर जोशी यांचे शब्द आणि दशरथ पुजारी यांची चाल असलेले विरहगीत तर मला या प्रकारातले सर्वोत्तम वाटते. सुमनताईंचा आवाज इतका मृदू आहे की त्यांनी आक्रोश केला असता तर तो खरा वाटला नसता. त्या आक्रोश करीतच नाहीत. पावसाचे वर्णन करता करता आपली रात्र कशी जाते आहे, हे सहज सांगून टाकतात.

पुढे सुरेश भट आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी मिळून स्त्रीच्या शारीरिक ओढीला मराठी गाण्यात जागा दिली. आशा भोसले यांनी गायिलेले ‘तरुण आहे रात्र अजुनी’ आणि लता मंगेशकर यांनी गायिलेले ‘मालवून टाक दीप’ ही गाणी चारचौघांत ऐकताना एका पिढीला संकोच वाटला असणार. तो संकोच ओलांडून ती टिकली, कारण त्यांतली स्त्री कुणाच्या दयेची याचना करीत नाही. आपल्याला काय हवे आहे, हे ती जाणते. हे शब्द पुरुषाने लिहिले आहेत असा आक्षेप घेता येईल, आणि तो मला मान्य आहे. स्त्रियांनी लिहिलेली प्रेमकविता मराठीत विपुल असूनही तिच्यातला फार थोडा भाग स्वरबद्ध झाला, ही आपल्या संगीतकारांकडून राहून गेलेली मोठी गोष्ट आहे.

आम्ही तीन पिढ्या बडोद्यात आहोत. घरातले मराठी आता पातळ झाले आहे, पण ही गाणी लागली की सगळे गप्प होतात. महाराष्ट्राबाहेर त्यांचा जोर अधिक असतो काय? (एक वाचक, बडोदा)

जोर मोजता येणार नाही, पण आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगतो. श्रीनिवास खळे यांचे बालपण आपल्या बडोद्यात गेले. अरुण दाते इंदूरचे, तर वा. रा. कांत त्या वेळी निजामाच्या राज्यात असलेल्या नांदेडचे. मराठीचा हा हळुवार सूर घडवणाऱ्यांपैकी कितीतरी जण पुण्या-मुंबईपासून दूर, दुसऱ्या भाषांच्या शेजारात वाढले. चोहीकडे वेगळी भाषा बोलली जात असली की आपल्या भाषेतला प्रत्येक शब्द थोडा अधिक जपून उच्चारला जातो, असे मला वाटते. आणि ऐकलाही तसाच जातो.

माझ्या आईला विस्मरणाचा आजार आहे. कधी कधी ती मला ओळखत नाही. पण ‘भातुकलीच्या खेळामधली’ लागले की ती कडव्यामागून कडवे म्हणते, एकही शब्द चुकत नाही. मला आनंद होतो आणि त्याच वेळी फार वाईटही वाटते. तिला माझे नाव आठवत नाही आणि गाणे आठवते, हे कसे? (एक वाचिका, लातूर)

आपले पत्र मी अनेकदा वाचले. आईला गाणे आठवते याचा अर्थ ते तिला आपल्यापेक्षा प्रिय आहे, असा कृपा करून घेऊ नका. अल्झायमरसारख्या आजारांत अलीकडच्या घटना, नावे आणि नाती यांची स्मृती आधी क्षीण होते, तर तरुणपणी अनेकदा ऐकलेल्या संगीताची स्मृती पुष्कळ रुग्णांत बराच काळ टिकून राहते, असे डॉक्टरांना आणि संशोधकांना दिसून आले आहे. गाण्यात शब्दाला चालीचा आणि लयीचा आधार असतो. एक ओळ पुढच्या ओळीला हात धरून आणते. नावाला असा आधार नसतो. ते एकटेच आठवावे लागते.

गाणे हा उपचार नाही, तेव्हा डॉक्टरांचा सल्ला आणि औषधे चालू राहू द्यावीत. पण त्या गाण्याचा आपण दोघींना उपयोग करून घेता येईल. गाणे लागल्यावर “हे कोण गातंय सांग?” असे विचारू नये; तो प्रश्न तिला परीक्षेसारखा वाटेल. तिच्याबरोबर आपणही म्हणावे. संध्याकाळी अशा रुग्णांची अस्वस्थता अनेकदा वाढते, त्या वेळी आवाज लहान ठेवून एक-दोन ओळखीची गाणी लावून पाहावीत. मूळ ध्वनिमुद्रणच लावावे, कारण नव्या वाद्यमेळात बसवलेली तीच चाल तिला परकी वाटू शकते. ‘भातुकलीच्या खेळामधली’ हे ताटातुटीचे गीत आहे; ते ऐकताना तिच्या डोळ्यांत पाणी आले तर घाबरून लगेच बंद करू नये. मात्र ती कासावीस झाली तर थांबवावे आणि दुसरे काही लावावे. आपण शेजारी बसून तिच्याबरोबर गात असता तेव्हा आपले नाव तिला आठवत नसेलही. आपल्या सोबतीने तिला बरे वाटते आहे, हे मात्र आपल्याला तिच्या चेहऱ्यावर दिसत असेल, आणि त्यावर आपण निःशंकपणे विश्वास ठेवावा.

मी २२ वर्षांची आहे. स्पर्धांतून भावगीते गाते, बक्षिसेही मिळतात. परंतु एका परीक्षकांनी सांगितले की माझे गाणे ‘तयार आहे, पण आत उतरत नाही’. म्हणजे मी नेमके काय करावे? (एक वाचिका, पुणे)

परीक्षकांनी निदान केले, पण औषध सांगितले नाही. मी तसा प्रयत्न करतो.

गाणे बसवण्याआधी काही दिवस चाल पूर्णपणे बाजूला ठेवावी आणि कविता मोठ्याने वाचावी, गद्यासारखी, एखाद्याला सांगितल्यासारखी. वाक्य कोठे संपते, श्वास कोठे घेतला तर अर्थ तुटतो, हे पेन्सिलीने खुणावून ठेवावे. स्पर्धेत गाणारी बहुतेक मुले तालाच्या सोयीने श्वास घेतात आणि विशेषण एकीकडे व नाम दुसरीकडे पडते. श्रोत्याला कारण कळत नाही, पण भाव निसटतो.

त्यानंतर उच्चार. ‘शुक्रतारा’च्या पहिल्या दोन ओळींत ‘चांदणे’ आणि ‘चंद्र’ हे दोन्ही शब्द येतात आणि त्यांतले दोन ‘च’ वेगळे आहेत: ‘चांदणे’मधला दातांजवळचा, तर ‘चंद्र’मधला टाळूचा. बोलताना आपण ते अचूक उच्चारतो, गाताना मात्र अनेक जण दोन्ही सारखेच म्हणतात. दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे मूळ ध्वनिमुद्रण लावून केवळ या दोन अक्षरांकडे लक्ष द्यावे. तसेच ‘मंद’सारख्या शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण बोलताना जवळजवळ गिळतो, तर गाताना तो उच्चारावा लागतो. तो किती हलका ठेवायचा, हे सुधीर फडके यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

मूळ गाण्यात नसलेल्या हरकती काही काळ पूर्णपणे सोडून द्याव्यात. दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धांमुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी काहीतरी करून दाखवण्याची सवय लागते आणि टाळ्याही तेथेच पडतात. पण ओळीचा शेवट ही श्रोत्याची जागा असते. तेथे त्याला त्याचे माणूस आठवत असते. आपण ती जागा भरून टाकली तर त्याला दाद देण्यापलीकडे काही करायला उरत नाही.

शेवटी, तबला आणि पेटी न घेता, केवळ तंबोऱ्यावर, घरातल्या एकाच माणसासमोर गाणे म्हणून पाहावे. आजी असतील तर फारच उत्तम. गाताना डोळे मिटू नयेत आणि आवाज बोलण्यापेक्षा फारसा मोठा करू नये. सुरुवात ‘भेट तुझी माझी स्मरते’पासून करावी. चाल आटोपशीर आहे, शब्द सरळ आहेत, आणि त्यातली पावसाची रात्र आपल्या वयाला अजून अनुभवातून आलेली नसली तरी समोर बसलेल्या माणसाजवळ बहुधा असेल. गाऊन झाल्यावर “कसे झाले?” असे न विचारता त्यांना बोलू द्यावे. आजी गाण्याविषयी बोलू लागल्या तर आणखी सराव हवा आहे. आणि स्वतःविषयी काही सांगू लागल्या तर पुढच्या फेरीत हेच गाणे निवडावे.